गुणिले नऊ

स्वीडनमध्ये फिरताना डोकं मागच्या मागे एकच काम करत असतं, नऊने गुणायचं. कॉफी ४५ क्रोना, म्हणजे चारशे रुपये. साधा बन ४० क्रोना, म्हणजे साडेतीनशेच्या वर. मी गेले तेव्हा एका क्रोनाचे नऊच्या आसपास रुपये होत होते आणि नऊचा पाढा शाळेत कधी इतका पाठ नव्हता तेवढा तिथे झाला. माझी मैत्रीण म्हणते हे असं सगळे करतात, पहिले काही महिने, मग एक दिवस आपोआप थांबतं. तिचं थांबलंय. पगार क्रोनात यायला लागला की गुणाकार गळून पडतो. माझा पगार रुपयातच येतो त्यामुळे माझा चालूच राहिला आणि खरं सांगायचं तर त्याचं मला काही वाईटही वाटलं नाही, कारण गुणाकार करणारा माणूस प्रत्येक गोष्टीकडे जरा जास्त वेळ बघतो.

शहर गोथेनबर्ग. तिथले लोक यॉतेबोरी म्हणतात, मी शेवटपर्यंत गोथेनबर्गच म्हणत राहिले. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर, योता नदी समुद्राला मिळते तिथे. मैत्रीण म्हणजे माझी हॉस्टेलची रूममेट, तिथल्या चाल्मर्स विद्यापीठात शिकायला गेली, मग गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली आणि राहिली ती राहिलीच. मला बरीच वर्षं ये ये म्हणत होती. फोनवर म्हणाली, "अगं विमानाचं तिकीट तेवढं तू काढ, बाकी आपण बघू." हे जे 'बाकी आपण बघू' असतं ना तिथेच घोळ असतो. कारण बघणार ती, म्हणजे पैसे भरणार ती, आणि मी प्रत्येक वेळी "अगं नको ना" म्हणत पर्समध्ये हात घालून उभी. हॉस्टेलमध्ये आम्ही मॅगीच्या पाकिटाचे पैसेसुद्धा अर्धे अर्धे केलेत. तेव्हा मी अट घातली, खर्च निम्मा निम्मा. ती म्हणाली, "तुझ्या निम्म्यात इथे काय होणार, बाई?" मी म्हटलं जे होईल ते करू, आणि दोघीही तेच करू. म्हणजे क्रोनात कमावणारीनेही रुपयातल्या बजेटनेच फिरायचं. ती हसली, पण कबूल झाली.

आणि मग असं झालं की ती जे शहर मला दाखवणार होती ते राहिलं बाजूला आणि आम्ही भलतंच शहर बघितलं, जे तिनेही धड बघितलं नव्हतं.

पहिली गोष्ट ट्राम. निळ्या-पांढऱ्या, वळणावर कर्कश ओरडणाऱ्या, १८७९ पासून चालू आहेत, सुरुवातीला घोड्यांच्या होत्या. आपल्या मुंबईत त्याच्याही आधी, १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली होती आणि १९६४ मध्ये आपण ट्राम बंद करून टाकली. यांनी टाकली नाही. फोनवरच्या ॲपमध्ये तिकीट काढायचं, ते ९० मिनिटं चालतं, आणि त्या ९० मिनिटांत ट्राम, बस, बोट काहीही पकडा, कितीही वेळा बदला. एकेरी तिकीट चाळीस क्रोनाच्या आसपास, २४ तासांचं घेतलं तर स्वस्त पडतं. तिकीट तपासनीस रोज भेटत नाही पण भेटला आणि तिकीट नसलं तर दंड असा आहे की त्याचा गुणाकारसुद्धा करवत नाही. माझ्या मैत्रिणीकडे महिन्याचा पास असतोच, तिचा प्रवास ऑफिस ते घर, घर ते ऑफिस. मी पहिल्या दिवशी तिला म्हटलं, ही जी ट्राम चाललीय ना हिच्यात शेवटपर्यंत बसून राहू, बघू कुठे नेते. तिने आजवर हे कधी केलं नव्हतं. कोण करतं म्हणा, आपणही आपल्या गावात एसटीने शेवटच्या स्टॉपला उगाच जात नाही.

बोट तर त्याहून भारी. नदीच्या एका काठावर स्टेनपिरेन नावाचा धक्का, समोर लिंडहोल्मेन, मधे पाच-सहा मिनिटांचं पाणी, आणि ही फेरी फुकट. अक्षरशः फुकट, तिकीट नाही, ॲप नाही, सायकल ढकलत चढा आणि उतरा. नदीवरचे पूल कमी आणि लांब, त्यामुळे लोकांनी गाडी न आणता असंच यावं म्हणून. आम्ही पाऊस आला की त्यात जाऊन बसायचो, इकडून तिकडे, तिकडून इकडे. गोथेनबर्गला पाऊस कधी येतो असं विचारायचं नसतं, मधेमधे थांबतो एवढंच. वारा आडवा, छत्री उलटी. एकदा समोरच्या बाकावर दोन पोरं लॅपटॉपच्या बॅगा मांडीवर घेऊन बसली होती आणि एक दुसऱ्याला म्हणत होता, "अरे ते बिल्ड रात्रभर चालू ठेवलं होतं, सकाळी बघतो तर फेल." शुद्ध पुणेरी. लिंडहोल्मेनला उतरून ऑफिसला गेली. व्होल्वो या शहरातली, १९२७ मध्ये तिची पहिली गाडी इथूनच बाहेर पडली, आणि गाड्यांच्या आसपासच्या कामामुळे पुण्या-बंगळुरातली बरीच मंडळी इथे आलेली आहेत. मैत्रीण म्हणाली ट्राममध्ये फोनवर कोणाची निंदा करायची सोय राहिली नाही.

मी रत्नागिरीची. बंदर म्हटलं की मला आधी वास आठवतो. मिरकरवाड्याला धक्क्यावर जाण्याआधी दोन वळणं अलीकडेच कळतं की बंदर आलं, सुकट, डिझेल, बर्फाचा भुसा, ओली जाळी. गोथेनबर्ग म्हणजे स्कँडिनेव्हियातलं सगळ्यात मोठं बंदर, आणि भर शहरात नदीकाठी उभं राहिलं तर वासच नाही. नुसता स्वच्छ गार वारा. मी मैत्रिणीला विचारलं तुमचं बंदर आहे कुठे? तिने हात पश्चिमेकडे केला. कंटेनरची जहाजं आता खाली नदीच्या मुखाशी लागतात, शहरापासून दूर, तिथे कोणी फिरायला जात नाही. शहरातल्या काठावर राहिलंय ते जुनं सामान. एरिक्सबर्गला एक प्रचंड नारिंगी क्रेन उभी आहे, ८४ मीटर उंच, आणि तिच्या पायाशी आता बाल्कन्यांमध्ये जिरेनियम लावलेले फ्लॅट. इथे जहाजं बांधायचे. जगातल्या मोठ्या जहाजबांधणीच्या शहरांत याचं नाव होतं, मग १९७० च्या दशकात तेलाचं संकट आलं, टँकरची मागणी कोसळली, जपानी यार्ड स्वस्तात बांधून द्यायला लागले आणि एकामागून एक इथली यार्डं बसली. एरिक्सबर्गचं १९७९ ला बंद. म्हणजे ती दोन पोरं लॅपटॉप घेऊन जिथे उतरली तिथे त्यांच्या आजोबांच्या वयाचे लोक वेल्डिंग करत होते. गिरणगावात मॉलच्या मधे एखादी चिमणी उभी ठेवतात तशी ही क्रेन ठेवलीय. फरक इतकाच की इथल्या कामगारांच्या मागे सरकार पैसे घेऊन उभं राहिलं होतं, निदान काही वर्षं तरी. तो फरक लहान नाही.

आता खाण्याचं. बजेटचा खरा खून खाण्यात होतो. संध्याकाळी हॉटेलात बसायचं नाही, हा पहिला नियम. जेवायचं दुपारी, तेही शनिवार-रविवार सोडून, कारण ऑफिसच्या दिवशी साधारण अकरा ते दोन सगळीकडे 'दागेन्स' मिळतं, दिवसाची ठरलेली डिश, आणि त्याच पैशात सॅलड, ब्रेड, लोणी आणि शेवटी कॉफी. ब्रेड कितीही. मी पोळीच्या हिशोबाने ब्रेड घेतला. कॉफी दुसऱ्यांदा घ्यायलाही बहुतेक जागी पैसे पडत नाहीत. त्या एका जेवणावर रात्री नऊपर्यंत निघतं, आणि जूनमध्ये रात्री नऊला लख्ख ऊन असतं त्यामुळे रात्र झाली असं पोटाला कळतच नाही. दुसरा नियम, पाणी विकत घ्यायचं नाही, नळाचं प्यायचं, मस्त गार असतं. तिसरा नियम मैत्रिणीचा, की रिकामी बाटली-कॅन फेकायची नाही. सुपरमार्केटच्या दाराशी मशीन असतं, त्यात टाकली की डिपॉझिट परत. तिच्या स्वयंपाकघरात कॅनची पिशवी साठली होती, कित्येक दिवस नेलीच नव्हती. ती पिशवी घेऊन आम्ही गेलो आणि त्या मशीनच्या पावतीवर दही, काकडी आणि ब्रेड आला. मला रद्दीवाल्याकडून पैसे मिळाल्यावर होतो तसला आनंद झाला, तिला नाही झाला, ती इकडेतिकडे बघत होती ओळखीचं कोणी दिसतंय का.

बाकी मग घरून डबा. पोळ्या, बटाट्याची भाजी, फॉइलमध्ये गुंडाळून. बाकावर बसून खाताना कुणी वळूनसुद्धा बघत नाही, कारण निम्मं शहर ऊन पडलं की बाकावर बसून डबाच खात असतं. रस्त्यावरचं एक स्वस्त खाणं मात्र इथलं खास आहे, 'हाल्व स्पेशल' म्हणतात, पावात एक सॉसेज आणि त्यावर चक्क कुस्करलेल्या बटाट्याचा गोळा, वर मोहरीची चटणी. पावात बटाटा बघून मला गहिवरून आलं. मैत्रीण शाकाहारी, तिने नुसता पाव-बटाटा मागितला. गाडीवाल्याने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि दिला. वडापाव नव्हता पण नातेवाईक होता.

हागा नावाचा जुना भाग आहे, दगडी फरशांची गल्ली, लाकडी घरं, खाली कॅफे. तिथे थाळीएवढा दालचिनीचा बन मिळतो, सगळे पर्यटक त्याचा फोटो काढतात. साठ-सत्तर क्रोना. एक घेतला, सुरीने दोन तुकडे, दोघींनाही जास्त झाला. मला मात्र त्यापेक्षा वेलचीचा बन आवडला. स्वीडिश लोक वेलची इतकी घालतात, आणि जाडसर कुटून घालतात, दाताखाली येते, बेकरीसमोरून जाताना शिरा भाजून त्यात वेलची टाकल्याचा वास येतो. इतक्या उत्तरेला, इतक्या थंडीत. माझं नाक त्या दिवशी पहिल्यांदा कामाला लागलं.

हागातली घरं नुसती बघायलाही मजा आहे, आणि बघायला पैसे पडत नाहीत. तीन मजली, त्यातला खालचा मजला दगड-विटांचा आणि वरचे दोन लाकडाचे. हे असं का, तर आगीच्या भीतीने लाकडी घर दोन मजल्यांहून उंच बांधायचं नाही असा नियम होता. कामगार वाढत होते, घरं हवी होती, जागा कमी. मग १८७० च्या दशकात कोणीतरी डोकं लावलं, खालचा मजला पक्का बांधला तर वर लाकडाचे दोनच मजले होतात ना! नियम पाळला पण आणि तिसरा मजला निघाला पण. गव्हर्नरांनी परवानगी दिली म्हणून त्या घरांना गव्हर्नरची घरं म्हणतात. मला वाटलं होतं असली अक्कल फक्त आपल्याकडच्या बिल्डरांना असते.

पण मला ज्या जागेने धरून ठेवलं ती दुसरीच. शहराच्या मध्यात कालवा आहे (शहर १६२१ मध्ये राजा दुसरा गुस्ताव्ह आडोल्फ याने वसवलं आणि आखणी डचांची, म्हणून कालवे), त्या कालव्याच्या काठाला एक लांबलचक पिवळट विटांची इमारत आहे. आता तिथे शहराचं म्युझियम आहे. इमारतीचं नाव ईस्ट इंडिया हाऊस. मी थबकलेच. ईस्ट इंडिया कंपनी म्हटलं की आपल्याला एकच माहीत, फार तर डच आणि फ्रेंच. स्वीडनचीही होती! १७३१ मध्ये स्थापन झालेली, १८१३ पर्यंत चाललेली, आणि तिचं ऑफिस, गोदाम, लिलावाचा हॉल सगळं या इमारतीत. मैत्रीण रोज समोरून ट्रामने जायची, तिला ठाऊक नव्हतं.

नाव ईस्ट इंडिया, पण जहाजं बहुतेक चीनला, कँटनला. सगळ्या मिळून १३२ सफरी. हिंदुस्थानात त्यांना कोणी पाय रोवू दिले नाहीत. १७३३ मध्ये त्यांचं एक जहाज तमिळ किनाऱ्यावर पोर्तो नोव्होला आलं, वखार टाकली, तर इंग्रज आणि फ्रेंच, एरवी एकमेकांचे गळे धरणारे, दोघं मिळून यांच्या वखारीवर चालून गेले. धंद्यात तिसरा नको म्हटलं की सगळे एक होतात. त्यानंतर १७५० च्या सुमारास 'योता लेयॉन' नावाचं जहाज सुरतेला गेलं होतं आणि त्यावरच्या एका माणसाने त्या प्रवासाचं वर्णन लिहून ठेवलंय. सुरत वाचल्याबरोबर माझ्या डोक्यात अर्थातच १६६४. महाराज येऊन गेल्याला तोवर जवळजवळ नव्वद वर्षं झाली होती आणि हे बिचारे आता पोचत होते.

मग कमावलं कशावर? चहावर. चीनमधून चहा आणायचा, गोथेनबर्गला लिलाव करायचा, आणि त्यातला बराचसा पुढे इंग्लंडला चोरून जायचा, कारण इंग्लंडमध्ये चहावर कर इतका की चोरटा चहा पिणं ही तिथली रीतच झाली होती. १७८४ मध्ये इंग्रजांनी तो कर ११९ टक्क्यांवरून एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चोरटा धंदा आपोआप मेला. स्वीडनची कंपनी त्यातून सावरली नाही. एका कायद्याने, एका आकड्याने, हजारो मैलांवरचं दुकान बंद. जीएसटीचा दर बदलला की आमच्या गल्लीतल्या दुकानदाराचा चेहरा जसा होतो तसे चेहरे या हॉलमध्येही झाले असणार.

आणि जहाजाची गोष्ट. 'योथेबोर्ग' हे कंपनीचं जहाज चीनहून परत येत होतं. दोन-अडीच वर्षांचा प्रवास संपत आला होता, १२ सप्टेंबर १७४५, बंदरात शिरायचं तेवढं बाकी, किनाऱ्यावर लोक बघत उभे असणार, आणि नदीच्या तोंडाशी एका खडकावर आपटून बुडालं. घर दिसत असताना. माणसं सगळी वाचली. माल, म्हणजे चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी, यातला साधारण तिसरा हिस्सा वर काढता आला, आणि ऐका, तेवढ्या एका हिश्शाच्या विक्रीतूनसुद्धा सफरीला नफा झाला! म्हणजे बाकीच्या सफरींत काय होत असेल विचार करा. मी काचेमागच्या त्या निळ्या-पांढऱ्या बश्यांसमोर बराच वेळ उभी होते. एका बशीच्या कडेला समुद्राचं काहीतरी चिकटून दगड झालंय, खरखरीत, शंखाच्या तुकड्यांसारखं, आणि मधलं निळं फूल मात्र काल रंगवल्यासारखं. आमच्या घरी समुद्रात फेकलेली बाटली वर्षाने अशीच मिळते, कडेला कालवं लागलेली.

नफ्याचं पुढे काय झालं तेही इथेच दिसतं. कंपनीचा एक डायरेक्टर निक्लास साल्ग्रेन, त्याच्या देणगीतून हॉस्पिटल निघालं, आजचं इथलं सगळ्यात मोठं हॉस्पिटल त्याच्याच नावाचं. दुसरा विल्यम चाल्मर्स, याने कँटन-मकावमध्ये राहून पैसा केला आणि मृत्युपत्रात गरीब मुलांना शिकवायला ठेवला, त्यातून १८२९ मध्ये शाळा सुरू झाली आणि तीच चाल्मर्स. म्युझियममध्ये हे वाचून मी मैत्रिणीकडे बघितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी चोरट्या चहाच्या पैशावर शिकले?" मी म्हटलं नाही गं, तू तुझ्या बाबांच्या एज्युकेशन लोनवर शिकलीस. युरोपबाहेरच्या मुलांना इथे फी असते, भरपूर असते. गरीब मुलांची शाळा फेडायला तिला नोकरीची पहिली काही वर्षं लागली. यावर आम्ही दोघीही हसलो, पण ती जरा वेगळं हसली.

त्याच संध्याकाळी आमचं वाजलं. मोठं काही नाही. तिला एका चांगल्या जागी मला जेवायला न्यायचं होतं, बुकिंग करून टाकलं होतं, मला न सांगता. मी म्हटलं आपलं ठरलंय ना. ती म्हणाली, "मला कधीतरी कोणासाठी काही करता येऊ दे की. इथे मी कमावते आणि खर्च करायला माझं माणूसच नाही." मला वाटत होतं निम्मा निम्मा म्हणजे मी तिचा मान ठेवतेय. तिला वाटत होतं मी तिला परकं करतेय. बुकिंग रद्द केलं नाही. गेलो. बिल तिने भरलं, मी आकडा बघितला नाही, म्हणजे बघितला पण गुणला नाही. जेवण छान होतं, त्याबद्दल फार काही आठवत नाही.

समुद्राकडे तोंड करून एका टेकाडावर दर्यावर्दी लोकांचा मनोरा आहे, १९३३ चा. वर एका बाईचा पुतळा, वारा तिच्या कपड्यात शिरलेला, समुद्राकडे बघत उभी. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या स्वीडिश खलाशांच्या आठवणीत. स्वीडन त्या युद्धात नव्हता, तरी त्याची जहाजं पाणसुरुंगांनी बुडत होती. याच काठावरून, १८५० ते १९३० च्या मधल्या काळात, दहा लाखांच्या वर स्वीडिश लोक देश सोडून अमेरिकेला गेले, त्यातले बरेचसे गोथेनबर्गमधूनच, आधी बोटीने इंग्लंडला हल, तिथून आगगाडीने लिव्हरपूल, मग अटलांटिक. खडकाळ जमीन, नापीक वर्षं, भूक. आज ज्या देशात चारशे रुपयांची कॉफी आहे तो देश इतका गरीब होता की लोक सोन्याची अंगठी विकून तिकीट काढत होते, हे काठावर उभं राहिल्यावर खरं वाटत नाही. मैत्रीण रेलिंगला टेकून म्हणाली, "आणि आता आम्ही येतोय." तिला अजून ठरवता येत नाहीये राहायचं की परत यायचं. मी विचारलं नाही. विचारून ठरत असतं तर तिच्या आईने केव्हाच ठरवलं असतं, ती दर रविवारी विचारते.

शेवटचा मोठा दिवस बेटांचा. आणि या शहरातली सगळ्यात स्वस्त चैन हीच. ट्रामने साल्टहोल्मेनला जायचं, ट्राम संपते तिथे धक्का, आणि ट्रामच्याच तिकिटावर बोट. वेगळे पैसे नाहीत. दक्षिणेकडच्या बेटांवर गाड्या नाहीत, लोक सामान तीनचाकी मोपेडवर वाहतात, पुढे लाकडी फळीचा हौदा असलेली, त्यात किराणा, सिमेंटची पोती, कुत्रा, आजी, काहीही बसलेलं असतं. बोटीत शाळेची पोरं, फ्रिज घेऊन चाललेला एक माणूस, टेकून झोपलेली नर्स. आपल्याकडे दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर असते तशीच गर्दी, फक्त कोणी कोणाशी बोलत नाही. डॉन्सो नावाच्या बेटावर बोट थांबते, छोटंसं गाव, लाल-पांढरी लाकडी घरं, आणि धक्क्याला लागलेला जहाजांचा ताफा गावाच्या मानाने वेडावाकडा मोठा. तिथल्या कुटुंबांच्या मालकीचे टँकर जगभर फिरतात. मासेमारी करता करता शिपिंगमध्ये गेलेले लोक. बाहेरून बघाल तर दारात सायकल आणि वाळत घातलेले मोजे.

आम्ही व्ह्रँगोला उतरलो, सगळ्यात दक्षिणेचं, जिथे लोक राहतात असं शेवटचं बेट. धक्क्यावर मला एकदाचा तो वास आला. थोडाच, डिझेल आणि जाळी. मी जोरात श्वास घेतला, मैत्रीण म्हणाली ई. शहरातून निघताना आम्ही मासळीबाजारातून कोळंबी घेतली होती. मासळीबाजार म्हणजे १८७४ ची इमारत, बाहेरून हुबेहूब चर्च, आत मासे, लोक तिला फिशचर्चच म्हणतात. दुरुस्तीसाठी बरीच वर्षं बंद होती, २०२४ मध्ये उघडली. आत आता हॉटेलंच जास्त आहेत, चकचकीत, त्यामुळे आत बसून खायचं नाही, पावशेर वजन करून घ्यायचं आणि निघायचं. इथली कोळंबी बोटीवरच समुद्राच्या पाण्यात उकडतात, सालासकट गुलाबी विकतात, मीठ वेगळं घालावं लागत नाही. खडकावर बसून मी एकेक सोलत होते. डोकं मोडायचं, पायांकडून अंगठा घालायचा, सालाचा कोट एका ओढीत निघाला पाहिजे. बाजूला एक स्वीडिश आजोबा बसले होते, तेही सोलत होते, आणि काही वेळाने माझ्या लक्षात आलं की ते माझा वेग बघतायत. मी अजून जोरात सोलायला लागले. ते काही बोलले नाहीत पण मान हलवली. परदेशात मिळालेलं हे माझं एकमेव सर्टिफिकेट. मैत्रिणीने उरलेली बटाट्याची भाजी आणि पोळी खाल्ली, मग खडकावरून पाण्यात उडी मारली, बर्फासारखं पाणी, किंचाळली मराठीत.

परतीच्या बोटीत तिने फोन काढला आणि यादी करायला घेतली. ऑगस्टमध्ये तिचे आई-बाबा यायचे आहेत, पहिल्यांदाच. तिने आधी जी यादी केली होती त्यात लिसेबर्गचं ॲम्युझमेंट पार्क होतं, मोठं नामांकित, १९२३ पासूनचं, आम्ही ते फक्त बाहेरून, लोकांच्या किंकाळ्यांसकट बघितलं. ते तिने खोडलं. फुकटची फेरी लिहिली. स्लॉट्सस्कोगेन पार्क लिहिलं, तिथे मूस (तिकडचं थोराड हरीण) आणि सील फुकटात बघायला मिळतात. ईस्ट इंडिया हाऊस लिहिलं. "बाबा इतिहासवाले आहेत, सुरतेवरून तास घेतील." मग हागाच्या वरचा जुना किल्ला, तिथून सगळं शहर दिसतं. तिथे ती अडली.

"पायऱ्या खूप आहेत गं. बाबांचे गुडघे."

"मग खाली बसतील ते. हातात वेलचीचा बन दे."

"आणि किंमत विचारली तर?"

"सांगू नको."

"ते बोर्डावर लिहिलेली असते."

"मग आईला पुढे पाठव. ती घासाघीस करेल."

"स्वीडनमध्ये?"

"करून तर बघू दे."